काहीच न घडू देण्याची नोकरी

फेब्रुवारीत अमेरिकन फुटबॉलच्या ‘सुपर बोल’चा सामना झाला की त्याच्या क्लिपा आपल्याही फोनवर येऊन थडकतात. कुणी तरी चेंडू लांबवर भिरकावतो, दुसरा सुसाट धावत जाऊन तो हवेतच झेलतो आणि सगळं स्टेडियम दणाणून जातं. पुढच्या वेळी अशी क्लिप आली तर चेंडूवरची नजर काढून फेकणाऱ्याच्या पुढ्यात बघा. तिथे पाच अवाढव्य पुरुष वाकून, बहुधा एक हात जमिनीला टेकवून बसलेले असतात. दोन-तीन सेकंद ते समोरच्यांशी झोंबतात. तेवढ्यात चेंडू त्यांच्या डोक्यावरून निघून जातो, कॅमेराही त्याच्यामागे पळतो आणि हे पाच जण पडद्याबाहेर राहतात.

यांना ऑफेन्सिव्ह लाइनमन म्हणतात. पाचांतला मधला चेंडू मागे सरकवतो, तेवढाच काय तो त्याचा चेंडूशी संबंध. उरलेल्या चौघांना अख्ख्या सामन्यात चेंडू हातात मिळत नाही. पुढे फेकलेला पास झेलायचा तर त्यांना नियमानेच बंदी आहे. समालोचकाने यांच्यापैकी कुणाचं नाव घेतलं, तर बहुतेक वेळा त्याच्याकडून काही तरी चुकलेलं असतं.

असं असूनही 2024 मध्ये टँपा बे बकनीअर्स या संघाने ट्रिस्टन वर्फ्स नावाच्या लाइनमनशी पाच वर्षांचा करार केला, तो 14 कोटी डॉलरचा. त्या वेळच्या दराने 1,100 कोटी रुपयांच्या वर. ज्याच्या हातात चेंडू येत नाही त्याला एवढे पैसे कशासाठी?

चौकट : खेळ थोडक्यात

मैदान 100 यार्ड लांब. एक यार्ड म्हणजे मीटरला थोडा कमी. दोन्ही बाजूंना अकरा-अकरा खेळाडू. चेंडू ज्या संघाकडे आहे त्याला चार डावांत 10 यार्ड पुढे सरकायचं असतं. जमलं तर पुन्हा चार डाव मिळतात, नाही जमलं तर चेंडू समोरच्याकडे जातो. प्रत्येक डाव काही सेकंदांचा. सेंटर हा खेळाडू दोन पायांतून चेंडू मागे देतो, त्याला ‘स्नॅप’ म्हणतात. मागे उभा असलेला क्वार्टरबॅक तो घेतो आणि फेकतो किंवा धावणाऱ्याच्या हातात देतो. सेंटरच्या दोन्ही बाजूंना गार्ड आणि त्यांच्याही पलीकडे टॅकल, अशी ही पाचांची फळी. समोरच्या संघाचे आडदांड गडी क्वार्टरबॅकने चेंडू फेकण्याआधीच त्याला लोळवायला धावून येतात. त्यांना अडवायचं आणि धावणाऱ्याला वाट करून द्यायची, ही फळीची दोन कामं.

अडीच सेकंदांची कुस्ती

चेंडू फेकायला क्वार्टरबॅकला साधारण अडीच ते तीन सेकंद लागतात. तेवढ्या वेळात लेफ्ट टॅकल काय करतो ते सावकाश बघू.

समोरचा गडी 120 किलोचा आणि सरळ धावतोय. टॅकलला मात्र त्याच्याकडे तोंड ठेवून मागे सरकायचं आहे. स्नॅप होताच तो डावा पाय तिरका मागे टाकतो आणि उजवा त्याच्यामागे जमिनीलगत ओढून घेतो. मग पुन्हा डावा. पाय एकमेकांत गुंतता कामा नयेत, कारण पावलं ओलांडली त्या क्षणी समोरच्याने नुसता धक्का दिला तरी 140 किलोचा माणूस आडवा होतो. कंबर खाली, पाठ सरळ, डोकं मागे. कोल्हापूरच्या तालमीत वस्ताद नव्या पोराला पवित्रा शिकवताना ज्या गोष्टींसाठी ओरडतो, त्याच गोष्टींसाठी इथला लाइन-कोचही ओरडतो.

त्यानंतर हात. कोपरं बरगड्यांना लागलेली, अंगठे वर. योग्य क्षणी दोन्ही तळव्यांचा तडाखा समोरच्याच्या छातीवर बसला पाहिजे. जरा लवकर हात टाकले तर तो ते झटकून बाजूने निसटतो. जरा उशीर झाला तर तो छातीशी येऊन भिडलेला असतो आणि मग ढकलत न्यायला मोकळा. हा क्षण सेकंदाच्या लहानशा तुकड्याएवढा असतो. हात लांब असतील तर तो थोडा मोठा होतो, म्हणून निवड-चाचणीत या खेळाडूंच्या हातांची लांबी इंचाच्या आठव्या भागापर्यंत मोजतात.

छाती गाठली की पकड. समोरच्याच्या धडाच्या रुंदीत पॅड धरून ठेवलं तर पंच बहुधा काणाडोळा करतात. पकड खांद्याबाहेर गेली, जर्सी ताणलेली दिसली, की पिवळा रुमाल मैदानात येऊन पडतो आणि संघ 10 यार्ड मागे जातो. म्हणजे धरायचं, पण धरल्यासारखं दिसायचं नाही.

कुस्तीशी नातं इथवरच. पैलवान समोरच्याला चीत करायला उतरतो. लाइनमनला कुणाला चीत करावं लागत नाही. पासच्या डावात तो मागेच सरकत असतो, जमीन सोडत असतो. ती त्याने हळूहळू सोडावी एवढंच. तीन सेकंदांत तीन यार्ड मागे गेला तर त्याचं काम फत्ते. तेच तीन यार्ड एका सेकंदात गेले तर क्वार्टरबॅक जमिनीवर.

कुस्तीतला माणूस हे काम शिकू शकतो याचा पुरावाही आहे. स्टीफन नील हा 1999 चा फ्रीस्टाइल कुस्तीचा जगज्जेता. त्याच वर्षी कॉलेज कुस्तीच्या अंतिम फेरीत त्याने ब्रॉक लेस्नरला हरवलं होतं. डब्ल्यूडब्ल्यूई बघत वाढलेल्यांना हे नाव सांगायला नको. नील कॉलेजात फुटबॉल खेळलाच नव्हता. तरी 2001 मध्ये न्यू इंग्लंड पेट्रियट्सने त्याला घेतलं आणि पुढे वर्षानुवर्षं तो तिथे गार्ड म्हणून खेळला.

पाच माणसं, एक मेंदू

एकट्याच्या ताकदीचं काम असतं तर गोष्ट सोपी होती. पण समोरचे सरळ येत नाहीत. दोघं जण मध्येच जागा बदलतात. टॅकलसमोरचा आतून घुसतो आणि आतला बाहेरून वळसा घालतो. अशा वेळी गार्ड आणि टॅकल आपापल्या माणसामागे धावले तर एकमेकांवर आदळतात आणि मधे दरवाजा सताड उघडा पडतो. त्यांनी माणूस सोडून जागा धरायची असते: तुझ्याकडून येणारा माझा, माझ्याकडून जाणारा तुझा. हे बोलायला वेळ नसतो. शेजाऱ्याच्या खांद्याचा कल पाहून कळावं लागतं, म्हणून वर्षानुवर्षं शेजारी खेळलेल्या दोघांची किंमत त्यांच्या वेगवेगळ्या किमतींच्या बेरजेपेक्षा जास्त असते. उलट पाचांतले चार जण उत्तम आणि एक कच्चा असेल, तर त्या चौघांच्या उत्तमपणाला फारसा अर्थ उरत नाही. समोरचा प्रशिक्षक तो कच्चा दुवा दहा मिनिटांत हुडकतो.

स्नॅपआधी सेंटर समोरची मांडणी वाचतो, बोट दाखवून ओरडतो आणि कुणी कुणाला घ्यायचं ते ठरवतो. क्वार्टरबॅकही मागून शब्द फेकत असतो. परक्या मैदानावर प्रेक्षक मुद्दाम गोंगाट करतात ते याचसाठी. कॅन्सस सिटीच्या ॲरोहेड स्टेडियममध्ये 2014 मध्ये 142.2 डेसिबल आवाज मोजला गेला. तिथे शेजाऱ्याचं ओरडणंही ऐकू येत नाही. मग गार्ड मागे वळून क्वार्टरबॅकचा इशारा बघतो, सेंटरला हलकेच थोपटतो, सेंटर डोकं हलवतो आणि ठरलेल्या तालावर चेंडू सुटतो. टॅकल एका डोळ्याने चेंडूकडे आणि दुसऱ्याने धावून येणाऱ्याकडे बघत असतो. स्नॅपच्या आधी नुसता दचकला तरी पाच यार्डांचा दंड.

‘जाड माणसं, जाड डोकी’ असा समज असेल तर दोन नावं सांगतो. जॉन उर्शेल बाल्टिमोर रेव्हन्सकडून गार्ड म्हणून खेळत असतानाच एमआयटीत गणिताची पीएच.डी. करत होता, आज तो तिथेच गणित शिकवतो. लोरॉं दुव्हर्ने-टार्डिफ कॅन्सस सिटी चीफ्सचा गार्ड. खेळता खेळता 2018 मध्ये तो माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातून डॉक्टर झाला. फेब्रुवारी 2020 मध्ये सुपर बोल जिंकला आणि त्यानंतरचा अख्खा हंगाम सोडून कोविडच्या साथीत क्वेबेकमधल्या वृद्धांच्या शुश्रूषागृहात कामाला गेला.

डाव्या बाजूचा भाव

बहुतेक क्वार्टरबॅक उजव्या हाताने फेकतात. फेकण्यासाठी उभं राहिलं की त्यांची पाठ मैदानाच्या डावीकडे वळते आणि तिकडून येणारा माणूस त्यांना दिसत नाही. 18 नोव्हेंबर 1985 च्या रात्री वॉशिंग्टनचा क्वार्टरबॅक जो थाइसमन याच्यावर न्यूयॉर्क जायंट्सच्या लॉरेन्स टेलरने झडप घातली. थाइसमनच्या पायाची हाडं मोडली आणि त्याची कारकीर्द त्याच डावात संपली. टीव्हीवर लाखो लोकांनी ते पाहिलं. सँड्रा बुलकचा ‘द ब्लाइंड साइड’ सिनेमा पाहिला असेल तर हा प्रसंग आठवेल, सुरुवातीलाच येतो. टेलरसारखा वेगवान आणि वजनदार गडी डावीकडून येणार असेल, तर त्याला अडवणाराही त्याच तोलाचा हवा, हे संघमालकांना हळूहळू पटू लागलं.

त्याआधी 1978 मध्ये नियम बदलला होता. तोवर अडवणाऱ्याला हात छातीशी आखडून ठेवावे लागत; आता हात लांब करून उघड्या तळव्यांनी अडवायची मुभा मिळाली. चेंडू फेकणं सोपं झालं, सगळे जास्त फेकू लागले आणि क्वार्टरबॅक संघातला सर्वांत महाग माणूस होऊन बसला. महागाची वस्तू घरात आली की कुलूपही भारीचं लागतं.

तरी पगार वाढले नव्हते. करार संपला तरी खेळाडूला मनासारखा संघ बदलता येत नसे, त्यामुळे खरा बाजारभाव कळायला मार्गच नव्हता. 1993 मध्ये ती मुभा आली आणि बफेलो बिल्सचा लेफ्ट टॅकल विल वोलफर्ड याला इंडियानापोलिस कोल्ट्सने बोलावलं. करारात एक खोडसाळ कलम होतं: आक्रमणाच्या बाजूला सर्वांत जास्त पगार याचाच असेल. बफेलोला त्याला ठेवायचं तर तेच कलम पाळावं लागलं असतं, म्हणजे आपल्या लाडक्या क्वार्टरबॅकपेक्षा, जिम केलीपेक्षा, त्याला जास्त द्यावे लागले असते. त्यांनी हात वर केले. एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या लीगने पुढे असल्या कलमांवर बंदी घातली, पण भाव फुटायचा तो फुटला.

आता फक्त डावीकडचाच महाग असं राहिलेलं नाही. समोरचे प्रशिक्षक आपला सर्वांत धोकादायक गडी वाटेल त्या बाजूला उभा करतात. डेट्रॉईट लायन्सचा पेनेई सूएल हा राइट टॅकल. 2024 मध्ये त्याचा चार वर्षांचा करार 11 कोटी डॉलरच्या वर गेला. गार्ड आणि सेंटरही वर सरकले आहेत, मात्र टॅकलची बरोबरी ते अजून करत नाहीत. या आकड्यांत एक मेख असते. करारातली सगळी रक्कम हमीची नसते आणि हमीबाहेरच्या वर्षांत संघ खेळाडूला सोडून देऊ शकतो. मथळ्यातला आकडा वाचताना हे लक्षात ठेवावं.

दाराशी रांग

शाळा, मग कॉलेज, मग एनएफएल ही ठरलेली वाट. शाळा संपल्यावर तीन वर्षं झाल्याखेरीज दार उघडत नाही. त्यानंतर इंडियानापोलिसला चाचणी: 102 किलोची पट्टी छातीवरून किती वेळा उचलता, 40 यार्ड किती वेळात धावता. टेरॉन आर्मस्टेड या 139 किलोच्या तरुणाने 2013 मध्ये हे अंतर 4.71 सेकंदांत कापलं. या आकाराचा माणूस इतका वेगात धावताना पाहणं म्हणजे कपाट पळताना पाहण्यासारखं आहे. पण लाइनमनला सामन्यात 40 यार्ड धावायची वेळ क्वचितच येते. पहिल्या 10 यार्डांना किती वेळ लागला, हा आकडा जाणकार जास्त बारकाईने बघतात.

मग ‘ड्राफ्ट’. 32 संघ सात फेऱ्यांत आळीपाळीने खेळाडू निवडतात. ऑगस्टच्या सराव शिबिरात नव्वदेक जण असतात. अखेरीस 53 उरतात. त्यांतले लाइनमन आठ-नऊ, कधी दहा. 2020 पासून एक नियम असा आहे की सामन्याला किमान आठ लाइनमन तयार ठेवले तर संघाला एक जास्तीचा खेळाडू उतरवता येतो. या जागांवरचे खेळाडू किती झटपट जायबंदी होतात, याची ही नियमावलीनेच दिलेली कबुली.

न निवडले गेलेलेही कधी कधी राहतात. जेफ सॅटर्डेला 1998 च्या ड्राफ्टमध्ये कुणी घेतलं नाही. बाल्टिमोरने बोलावलं आणि सोडून दिलं. तो नॉर्थ कॅरोलायनात विजेच्या सामानाच्या दुकानात कामाला लागला. एका जुन्या सहकाऱ्याने कोल्ट्सच्या व्यवस्थापकाकडे त्याच्यासाठी शब्द टाकला आणि 1999 मध्ये कोल्ट्सने त्याला घेतलं; पुढे बराच काळ क्वार्टरबॅक पेटन मॅनिंगला चेंडू देणारा सेंटर हाच होता. जॉर्डन मायलाटाची गोष्ट आणखी वेगळी. सिडनीतला, सामोअन आईबापांचा, रग्बी लीग खेळणारा सहा फूट आठ इंची मुलगा. अमेरिकन फुटबॉलचा एकही सामना न खेळलेल्या या मुलाला फिलाडेल्फिया ईगल्सने 2018 मध्ये शेवटच्या फेरीत घेतलं. पहिली दोन वर्षं तो एकाही सामन्यात उतरला नाही. 2025 च्या फेब्रुवारीत तो सुपर बोल जिंकणाऱ्या संघाचा लेफ्ट टॅकल होता.

अशा गोष्टी सांगायला छान. पण खेळाडूंची संघटना सरासरी कारकिर्दीचा आकडा देते तो 3.3 वर्षांचा. लीगचं म्हणणं, पहिल्याच वर्षी संघात जागा पक्की करणाऱ्यांची सरासरी सहाच्या आसपास आहे. दोन्ही आकडे आपापल्या जागी खरे असू शकतात. कुणाला मोजायचं यावर ते ठरतं.

10,363

विस्कॉन्सिनचा जो थॉमस हा माझ्या मते या पेशाचा सर्वांत निखळ नमुना. 2007 च्या ड्राफ्टला बडे खेळाडू सुटाबुटात न्यूयॉर्कला जाऊन बसले, तसं त्यालाही आमंत्रण होतं. तो वडिलांबरोबर मिशिगन सरोवरात मासे पकडायला गेला. क्लीव्हलँड ब्राउन्सने त्याला तिसऱ्या क्रमांकावर घेतल्याची बातमी त्याला होडीतच कळली.

पहिल्या सामन्यापासून तो लेफ्ट टॅकलच्या जागी उभा राहिला आणि 22 ऑक्टोबर 2017 पर्यंत तिथून हललाच नाही. सलग 10,363 डाव, त्यातला एकही चुकवला नाही. सामना हरल्यात जमा असला की मुख्य खेळाडूंना बाहेर काढायची पद्धत आहे. ब्राउन्सचे सामने तर बरेचदा हरल्यातच जमा असत. तरीही तो बाहेर आला नाही. अखेर टेनेसीविरुद्ध डाव्या दंडाचा स्नायू फाटला तेव्हा मोजणी थांबली.

या काळात त्याच्यामागे वीस वेगवेगळ्या क्वार्टरबॅकनी सामन्याची सुरुवात केली आणि सहा मुख्य प्रशिक्षक होऊन गेले. 2016 मध्ये संघाने 16 पैकी एक सामना जिंकला, 2017 मध्ये एकही नाही. बाद फेरीचा एकही सामना थॉमसच्या वाट्याला आला नाही. आणि तरीही 2023 मध्ये, पात्र ठरताच पहिल्याच फटक्यात, त्याला ‘हॉल ऑफ फेम’मध्ये घेतलं.

हे ठरवलं कशावरून? कारण मोजायची अडचण इथे खरीच आहे. क्वार्टरबॅकला पाडलं की त्याची नोंद पाडणाऱ्याच्या नावावर होते. ही नोंद अधिकृत झाली तीसुद्धा 1982 मध्ये. अडवणाऱ्याच्या नावापुढे रकानाच नाही. आता खांद्यांच्या पॅडमध्ये चिपा बसवलेल्या असतात, चित्रफिती थांबवून थांबवून कुणी किती वेळा दबाव येऊ दिला हे मोजतात. पण पाचांपैकी नेमकी चूक कुणाची, हे ठरवताना त्यांच्यातली ठरलेली बोलणी बाहेरच्याला माहीत नसतात. गार्डने सोडलेला माणूस टॅकलच्या खात्यावर पडतो. म्हणून समोरून आलेल्या गड्यांचं मत आजही सर्वांत जड. थॉमसच्या बाबतीत ते एकमुखी होतं.

सर्वोत्तम लाइनमनसाठी स्वतंत्र पुरस्कार लीगने जाहीर केला तो 2025 मध्ये. लीगची स्थापना 1920 ची आहे.

खुराक आणि त्याचा हिशेब

1970 च्या दशकात लाइनमन 115 किलोंच्या आसपास असे. आज 140 किलो म्हणजे मध्यम. हात लांब करायची मुभा मिळाल्यावर पळत जाऊन धडकण्यापेक्षा जागा धरून उभं राहणं महत्त्वाचं झालं, आणि जागेवरून हलवायला अवघड काय असतं तर जड वस्तू. हे वजन सगळं स्नायूंचं असायची गरज नाही. पोट असलं तरी चालतं, पाय चपळ हवेत.

थॉमसने निवृत्तीनंतर मोकळेपणाने सांगितलं की वजन राखणं हीच एक नोकरी होती. भूक नसताना खायचं, सरावाआधी, सरावानंतर, झोपताना. दिवसाला सहा-सात हजार कॅलरी, म्हणजे दोन-तीन माणसांचं जेवण. शरीराचा कल वजन उतरवण्याकडे आणि नोकरीचा ते चढवण्याकडे. निवृत्त झाल्यावर त्याने खाणं माणसांत आणलं, पोहायला लागला आणि काही महिन्यांत 50 पौंड, म्हणजे बावीस-तेवीस किलो उतरले. आपल्याकडे आखाडा सुटला आणि खुराक तोच राहिला की पैलवानाचं काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. तीच गत इथेही होते. थॉमससारखे सावध गडी वाचतात.

मोठ्या अंगाला आणखी एक धोका असतो. उष्णता तयार करतं ते सगळं शरीर, बाहेर टाकते ती कातडी. शरीर वाढतं तितक्या प्रमाणात कातडी वाढत नाही. त्यात हेल्मेट आणि पॅड. मिनेसोटा व्हायकिंग्जचा 27 वर्षांचा राइट टॅकल कोरी स्ट्रिंगर जुलै 2001 च्या अखेरीस मँकेटो इथे उन्हात सराव करताना कोसळला. त्याच्या शरीराचं तापमान 108 अंश फॅरनहाइटच्या वर गेलं होतं. 1 ऑगस्टला तो गेला. उष्माघातावर काम करणारी कनेक्टिकट विद्यापीठातली संस्था त्याच्या नावाने चालते.

डोक्यावरचे छोटे धक्के

स्ट्रिंगरसारखे मृत्यू विरळा. फळीतल्या माणसाचं रोजचं नुकसान वेगळंच आहे. मैदानाच्या मध्यावर होणाऱ्या प्रचंड टकरी आपल्याला दिसतात, कॅमेरा त्या परत परत दाखवतो. फळीतल्या टकरी लहान असतात, पण जवळपास प्रत्येक डावात होतात: सामन्याला साठ-सत्तर, शिवाय सराव. हेल्मेट कवटी फुटू देत नाही. पण आत मेंदू द्रवात तरंगत असतो. डोकं अचानक थांबलं तरी तो थोडा पुढे जातो, आतले तंतू ताणले जातात. वर्षानुवर्षं असं होत राहिलं तर काहींच्या मेंदूत ‘टाउ’ नावाचं प्रथिन गाठी धरून साचतं आणि स्मृती, मन:स्थिती, विचार ढासळत जातात. या आजाराला सीटीई म्हणतात. खात्रीचं निदान अजून मृत्यूनंतरच होतं.

हा आजार फुटबॉलपटूत पहिल्यांदा सापडला तो एका लाइनमनमध्येच. पिट्सबर्ग स्टीलर्सचा सेंटर माइक वेबस्टर, चार सुपर बोल जिंकलेला, ‘आयर्न माइक’ म्हणून मिरवलेला. निवृत्तीनंतर तो पार विस्कटला, ट्रकमध्ये झोपायचा. 2002 मध्ये पन्नासाव्या वर्षी गेला. शवविच्छेदन करणारे नायजेरियन डॉक्टर बेनेट ओमालू यांनी मेंदू बारकाईने तपासला आणि 2005 मध्ये निष्कर्ष छापले. लीगने आधी ते उडवून लावले, मग वर्षानुवर्षं टाळाटाळ केली. 2015 मध्ये माजी खेळाडूंच्या दाव्यांवर सुमारे 100 कोटी डॉलरची तडजोड मंजूर झाली.

जुलै 2017 मध्ये बोस्टन विद्यापीठाच्या अभ्यासात 111 माजी एनएफएल खेळाडूंपैकी 110 जणांच्या मेंदूत सीटीई आढळला. हे मेंदू दान केलेले होते आणि बहुधा ज्यांच्यात लक्षणं दिसत होती अशांच्याच घरच्यांनी ते दिले होते. तेव्हा ‘दर 111 पैकी 110 खेळाडूंना हा आजार होतो’ असा अर्थ काढणं चूक. संख्याशास्त्रातली ही खाच ज्याला कुणी समजावून द्यायची गरज नव्हती, तो गणिती गार्ड जॉन उर्शेल अभ्यास प्रसिद्ध झाल्यावर दोन दिवसांत, 26 व्या वर्षी निवृत्त झाला.

2011 पासून पॅड घालून करायच्या सरावांवर मर्यादा आली. हंगामात 14 पेक्षा जास्त नाहीत. शिबिरात लाइनमनना हेल्मेटवर मऊ टोपडं घालावं लागतं. प्रशिक्षक कुरकुरतात की हातांची आणि पायांची ती नजाकत अंगाला अंग भिडल्याशिवाय येत नाही, म्हणून नव्या पोरांची फळी कच्ची राहते. त्यांचं म्हणणं खोटं नाही. पण टकरी कमी करायच्या तर कुठून तरी कमी कराव्याच लागणार, आणि प्रेक्षक बघत नसतात तिथून त्या कमी करणं मला शहाणपणाचं वाटतं.

बाप लाइनमन, लेकही लाइनमन

ब्रूस मॅथ्यूज 1983 ते 2001 असे 19 हंगाम खेळला. 296 सामने, आणि फळीतल्या पाचही जागांवर. एका लाइनमनने हे करावं ही अचाट गोष्ट आहे, कारण उजवीकडून डावीकडे जायचं म्हणजे पायांची सगळी सवय उलटी करायची. उजव्या हाताने लिहिणाऱ्याने एकाएकी डाव्याने सही करावी तसं. त्याचा भाऊ क्ले हाही 19 हंगाम खेळला, पण समोरच्या बाजूने, म्हणजे लाइनमनना चुकवून क्वार्टरबॅकला पाडायला येणाऱ्यांपैकी. वडीलही एनएफएलमध्ये होते. ब्रूसचा मुलगा केविन सेंटर झाला. त्याचा धाकटा भाऊ जेक याला 2014 मध्ये अटलांटा फाल्कन्सने सहाव्या क्रमांकावर निवडलं. टॅकल म्हणून.